उन्हाळ्यातली एक छोटी रॉक कॉन्सर्ट आणि बंद पडलेल्या ॲम्पची नऊ मिनिटे

शेवटची_रांग (धागाकर्ता)

गेल्या उन्हाळ्यातील एका रात्रीविषयी लिहायचे असे वर्षभर मनात होते. परंतु लिहायला बसलो की उकाड्याचेच वर्णन लांबत जाई आणि संगीत बाजूला राही. आज ठरवून संगीतापासून सुरुवात करतो, उकाडा ओघाने येईलच.

जागा म्हणजे एक तळघरवजा खोली. छत इतके खाली की उंच माणसाने हात वर केला तर बोटे टेकावीत. आत येण्याजाण्याला एकच दार होते आणि प्रेक्षक दीडशेच्या आसपास असतील. बँड चौघांचा होता: गायिका, गिटारवादक, खालच्या स्वरांची बास गिटार वाजवणारा बासवादक आणि ड्रमवादक. सूर्य मावळून दोन तास झाले तरी बाहेरची हवा तापलेलीच होती. आत आल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच भिंतीला तळहात लावला तर तो ओला होऊन निघू लागला. गाण्यांची यादी लिहिलेला कागद ड्रमवादकाच्या पायाशी चिकटपट्टीने लावलेला होता. पहिल्या तीन गाण्यांतच त्यावरची शाई घामाच्या थेंबांनी पसरली आणि नंतर तो प्रत्येक गाण्याआधी बासवादकाकडे पाहून भुवया उंचावू लागला, कारण पुढचे गाणे कोणते ते त्याला वाचताच येत नव्हते.

चौथ्या गाण्यात गिटार उतरली. उतरली म्हणजे अगदी बेसूर नव्हे, पण गायिकेचा आवाज आणि गिटार यांच्यामध्ये केसभर अंतर पडले, आणि एकदा ते कानाला लागल्यावर दुसरे काही ऐकूच येईना. गिटारवादकाने गाणे संपताच सगळ्यांसमोर शांतपणे सहाही तारा जुळवून घेतल्या. दोन गाण्यांनंतर त्या पुन्हा उतरल्या, आणि त्याने पुन्हा जुळवल्या.

सातव्या गाण्याच्या मध्यावर त्याचा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर, गप्प झाला. ठिणगी नाही, आवाज नाही, फक्त गिटार नाहीशी झाली. पुढची नऊ मिनिटे जे घडले त्यासाठी हा धागा काढला आहे.

अशा वेळी एरवी बँड थांबतो, कोणी माइकवरून दिलगिरी व्यक्त करतो, तारा हलवून पाहिल्या जातात आणि प्रेक्षक बोलू लागतात. इथे ड्रमवादक थांबला नाही. त्याने आवाज मात्र निम्म्याहून कमी केला, स्नेअरच्या, म्हणजे खालून तारा ताणलेल्या छोट्या ड्रमच्या, बाजूची खिट्टी फिरवून त्या तारा सैल केल्या आणि नुसत्या कडेवर काठी टेकवत ठेका चालू ठेवला. बासवादकाने गाण्याची चाल सोडून दिली आणि दोनच स्वर धरले. पहिला स्वर, मग मोठी मोकळी जागा, मग दुसरा. त्या मोकळ्या जागेत दीडशे माणसांचा श्वास ऐकू येत होता, हे मी अतिशयोक्ती न करता लिहितो आहे. गायिका गायली नाही. तिने माइक खाली ठेवला, पाण्याची बाटली उचलली आणि ड्रमवादकाच्या शेजारी जाऊन त्याच्या दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत बाटली त्याच्या तोंडाला लावली. तो प्यायला, ठेका हलला नाही.

गिटारवादक ॲम्पच्या मागे गुडघ्यांवर बसला होता. ॲम्पची मागची बाजू पडद्याला टेकलेली होती, ती त्याने मोकळी केली, कुठूनसे पुठ्ठ्याचे झाकण आणले आणि जाळीतून आत वारा घालू लागला. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले की त्याचा वारा घालणारा हातसुद्धा ठेक्यावर पडतो आहे. त्याला ते कळले होते की नाही, सांगता येत नाही. प्रेक्षकांतून कोणी ओरडले नाही, कोणी टाळ्यांचा ताल धरला नाही. पुढच्या दोन रांगा हळूहळू जमिनीवर बसल्या, त्यामुळे आम्हा मागच्यांना सगळे स्पष्ट दिसू लागले. बासचा स्वर मला कानांइतकाच तळपायांतून येत होता.

मग ॲम्पवरचा छोटा दिवा पुन्हा लागला. गिटारवादक उभा राहिला, पण त्याने एकदम काही वाजवले नाही. एकच तार छेडली, तीही अगदी हळू, बासच्या दुसऱ्या स्वराखाली. तार अर्थातच उतरलेली होती. त्याने खुंटीला हात लावला नाही. डाव्या हाताच्या बोटाने ती तार पट्टीवर किंचित बाजूला ओढली आणि स्वर तसूतसूने वर चढवत नेला. दोन स्वर जवळ आले की त्यांच्यात एक लहर उठते, ती लहर आधी भरभर होती, मग संथ झाली, आणि शेवटी उरली नाही. स्वर बासच्या स्वरात मिळाला. त्या क्षणी बासवादकाने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. इतकेच. त्यानंतर गाणे जिथे तुटले होते तिथून त्यांनी ते उचलले.

मी लहानमोठ्या पुष्कळ कॉन्सर्ट पाहिल्या आहेत. एकमेकांचे इतके लक्षपूर्वक ऐकणारे चार वादक आणि त्यांचे इतके लक्षपूर्वक ऐकणारे प्रेक्षक मी त्याआधी पाहिले नव्हते, आणि उकाड्याने ॲम्प बंद पाडला नसता तर त्या रात्रीही पाहिले नसते, असे माझे मत आहे.

उष्णतेने तारा नेमक्या का उतरतात, ॲम्प बंद का पडतो आणि आपोआप सुरू कसा होतो, हे जाणकारांनी सांगावे. कोणाला असा अनुभव असेल तर तोही लिहावा.

मंद्रसप्तक

लेख दोनदा वाचला. तार ओढून स्वर मिळवण्याचे वर्णन वाचताना माझीच बोटे आवळली गेली.

आपल्या प्रश्नांविषयी. गिटारच्या तारा पोलादाच्या असतात, जाड तारांवर निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचे वेटोळे असते. धातू तापला की लांबतो, तार दोन टोकांना बांधलेली असल्यामुळे लांबण्याचा परिणाम ताण कमी होण्यात होतो आणि ताण कमी झाला की स्वर उतरतो. तार बारीक असल्यामुळे दिव्यांच्या उष्णतेने आणि बोटांच्या उबेने ती मिनिटभरात तापते. लाकडाचे तसे नाही. लाकूड हवेतला दमटपणा सावकाश शोषते आणि फुगते, गळ्याचा बाक बदलतो, पण त्याला तास आणि दिवस लागतात. म्हणून त्या रात्री दोन-दोन गाण्यांनी तारा उतरत होत्या त्याचे कारण बहुतेक तारांचेच असावे. गिटार थंड जागेत जुळवून थेट तापलेल्या स्टेजवर आणली तर हे ठरलेलेच आहे. वाद्य निदान अर्धा तास तरी स्टेजवरच ठेवून मग जुळवावे.

ॲम्पचे कारण अधिक सरळ आहे. आपल्या वर्णनावरून तो ट्रान्झिस्टरचा असावा. अशा ॲम्पमध्ये उष्णता बाहेर टाकण्यासाठी धातूच्या पात्यांचा एक ठोकळा असतो आणि त्यावर तापमान मोजणारा छोटा घटक बसवलेला असतो. मर्यादा ओलांडली की तो आवाजाचा मार्ग तोडतो आणि ठोकळा निवला की पुन्हा जोडतो. मागची जाळी पडद्याला टेकली होती, तिथेच सगळे बिनसले. पुठ्ठ्याने वारा घालणे हा अगदी योग्य उपाय होता आणि पडदा दूर करणे त्याहून योग्य.

माझा स्वतःचा ॲम्प व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांचा आहे. त्याचे व्हॉल्व्ह मुळातच तापून काम करतात, त्यामुळे तो असा सहजासहजी गप्प होत नाही, पण त्याच्या शेजारी उभे राहणाऱ्याला उन्हाळ्यात त्याची धग सोसावी लागते. स्पीकरचेही तेच: त्याला दिलेल्या विजेतला जेमतेम काही टक्के भाग आवाज होतो, बाकी सगळी उष्णता. स्पीकरमधले तारेचे वेटोळे तापले की त्याचा विजेला होणारा विरोध वाढतो आणि तोच स्पीकर तेवढ्याच विजेवर थोडा हळू वाजू लागतो. मग कोणीतरी आवाज वाढवतो, आणि तो आणखी तापतो.

ठोका_आणि_जागा

मी ड्रम वाजवतो, म्हणून एका गोष्टीचा खुलासा करतो. स्नेअरच्या तारा सैल करणे हे वातावरणनिर्मितीसाठी नव्हते, किंवा केवळ त्यासाठी नव्हते. बासचा खालचा स्वर खोलीत घुमला की स्नेअरच्या खालच्या कातड्याला टेकलेल्या तारा आपोआप थरथरतात आणि एक बारीक खरखर ऐकू येत राहते. मोठ्या आवाजात ती बुडून जाते, पण ज्या क्षणी ड्रमवादकाने आवाज निम्मा केला त्या क्षणी बासच्या प्रत्येक स्वरामागे ती ऐकू आली असती. आपण ज्या मोकळ्या जागेचे वर्णन केले आहे ती जागा त्या खिट्टीमुळे मोकळी राहिली. ॲम्प गेल्यावर दोन-तीन ठोक्यांत ज्याला हे सुचले तो उत्तम ऐकणारा असला पाहिजे.

उष्णतेविषयी. ड्रम वाजवणे हे शरीराला धावण्यासारखेच पडते. ब्लाँडी या बँडचे ड्रमवादक क्लेम बर्क यांच्यावर इंग्लंडमधील संशोधकांनी अनेक वर्षे अभ्यास केला. त्यात कॉन्सर्टच्या दरम्यान हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी १४० ते १५० आणि कळसाला १९० पर्यंत गेलेले आढळले होते. हे साध्या तापमानातले झाले. तापलेल्या, दमट खोलीत त्याच कामाला तासाला लिटरभर घाम सहज जातो. गायिकेने बाटली तोंडाला लावली ती ठेक्याच्या सौंदर्यासाठी म्हणून आपल्या लक्षात राहिली असेल, मला मात्र वाचताना वाटले की तिने त्याला वेळेवर वाचवले.

एक गोष्ट बरी की ड्रमची कातडी आता चामड्याची नसतात. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉलिएस्टरची पातळ फिल्म आली, त्याआधी वासराच्या कातड्याचे ड्रम दमट हवेत ढिले पडून स्वर सोडत. तसे असते तर त्या रात्री तोही आधार राहिला नसता.

शुश्रूषा

लेख सुंदर आहे. तरीही मला वेगळे बोलावे लागणार आहे आणि ते मी मनापासून बोलते, कारण रुग्णसेवा हे माझे काम आहे.

स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. दीडशे माणसे म्हणजे १५ किलोवॉट, अर्थात बंद खोलीत दीड किलोवॉटचे दहा हीटर लावल्यासारखे. नाचू लागली की हा आकडा दुप्पट-तिप्पट होतो. दिवे आणि ॲम्प वेगळेच. शरीर थंड राहते ते घाम उडून जाण्यामुळे, नुसता घाम येण्यामुळे नव्हे. एक लिटर घाम वाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, पण भिंती ओल्या होण्याइतकी हवा दमट झाली असेल तर तो वाळतच नाही, नुसता ओघळतो. लेखातील ओली भिंत मला सुंदर वाटली नाही, ती मला धोक्याची खूण वाटली.

चक्कर, मळमळ, डोकेदुखी, खूप घाम आणि गळून गेल्यासारखे वाटणे ही पहिली पायरी. अशा माणसाला लगेच बाहेर हवेशीर जागी न्यावे, आडवे करून पाय थोडे वर ठेवावेत, कपडे सैल करावेत, अंग ओले करून वारा घालावा आणि तो पूर्ण शुद्धीवर असेल तर घोटघोट पाणी द्यावे. तो असंबद्ध बोलू लागला, गोंधळला किंवा बेशुद्ध झाला तर तो उष्माघात समजावा. शरीराचे आतील तापमान तेव्हा ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असू शकते, आणि घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्या वेळी रुग्णवाहिका बोलावणे आणि ती येईपर्यंत मिळेल त्या पाण्याने अंग थंड करत राहणे, दोन्ही एकाच वेळी करायचे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचे नाही.

आता माझा प्रश्न: ते एकमेव दार उघडे होते का?

शेवटची_रांग (धागाकर्ता)

आपला प्रश्न टाळता येणार नाही. दार बंद होते. आवाज बाहेर जातो म्हणून शेजाऱ्यांची तक्रार येते, या कारणाने आयोजकांनी ते पहिल्या गाण्यानंतर लावून घेतले होते. पाचव्या गाण्याच्या सुमारास माझ्या शेजारच्या तरुणीला चक्कर आली. आम्ही दोघांनी तिला धरून दारापर्यंत नेले तेव्हा बाहेरच्या माणसाने उघडायला वेळ लावला. तो अर्धा मिनिट असेल, पण तेव्हा मला तो फार मोठा वाटला. ती बाहेर बसली, पाणी प्यायली आणि थोड्या वेळाने सावरली. हे मी मूळ लेखात लिहिले नाही, कारण मला त्या नऊ मिनिटांविषयीच लिहायचे होते. ते लिहायला हवे होते, हे आपला प्रतिसाद वाचून पटले.

मागची_भिंत

मी त्या रात्री तिथे होतो! खोलीच्या दुसऱ्या टोकाला, सगळ्या माइकांचा आवाज कमीजास्त करण्याच्या मिक्सरच्या शेजारी.

दोन दुरुस्त्या करतो. नऊ मिनिटे नव्हती, माझ्या अंदाजाने पाच-सहा असतील. दुसरे म्हणजे ॲम्प बंद पडल्यावर दार उघडले गेले आणि नंतर शेवटपर्यंत उघडेच राहिले. मिक्सरवर बसलेल्या ध्वनिसंयोजकाने ते उघडायला लावले, कारण त्याच्या यंत्राचा पंखाही घरघरू लागला होता. पुढच्या रांगा खाली बसल्या त्याचे एक कारण हेही असेल की दारातून आलेली हवा जमिनीलगत पसरली आणि खाली बसणाऱ्यांना ती आधी लागली. थंड हवा जड असते.

त्या ध्वनिसंयोजकाने त्या वेळी काय केले ते मी जवळून पाहिले. संध्याकाळी त्याने रिकाम्या खोलीत साउंड चेक केला होता. माणसे भरली की कपडे आणि शरीरे वरच्या पट्टीचा आवाज शोषून घेतात, म्हणून त्याने पहिल्या गाण्यापासून वरची पट्टी थोडी उचलून धरली होती. गिटार गेल्यावर त्याने ती हलकेच खाली आणली, गायिकेचा माइक बंद केला आणि ड्रमवरचे माइक एकेक करून मिटवत गेला, शेवटी बास ड्रमवरचा तेवढा ठेवला. स्नेअरच्या कडेवरचा तो टक-टक आवाज आपण ऐकला तो माइकमधून आलेला नव्हता, काठीतून थेट आपल्या कानांत आला होता. खोली शांत वाटली त्यात त्याचाही वाटा आहे, म्हणून लिहिले. दोन्ही हात त्याने पुढची काही मिनिटे मांडीवर ठेवले होते.

मी फोनवर चित्रण करत होतो, पण तिसऱ्या गाण्यातच फोन तापल्याची सूचना देऊन बंद झाला. म्हणून पाच मिनिटे की नऊ, याचा निकाल लागणार नाही.

जुनी_ध्वनिफीत

ओल्या भिंतींवरून लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबची आठवण झाली. विटांच्या कमानींचे ते तळघर होते, वायुवीजन जवळपास नव्हतेच, आणि श्रोत्यांच्या घामाची वाफ भिंतींवर आणि छतावर जमून खाली ठिबकत असे, असे तिथे गेलेल्या असंख्य लोकांनी सांगून ठेवले आहे. बीटल्स तिथे ९ फेब्रुवारी १९६१ रोजी पहिल्यांदा आणि ३ ऑगस्ट १९६३ रोजी शेवटचे वाजले, मधल्या काळात जवळजवळ तीनशे वेळा. अडीच वर्षे त्या दमट हवेत, अपुऱ्या साधनांवर, हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या श्रोत्यांसमोर वाजवताना त्यांना एकमेकांचे ऐकण्याची सवय लागली असणार, असे मला नेहमी वाटत आले आहे. मोठ्या मैदानांत ती सवय उपयोगी पडेनाशी झाली, कारण तिथे किंकाळ्यांमध्ये त्यांना स्वतःचेच वाजवणे ऐकू येत नसे.

कानसेन

उकाड्याबरोबर कानांचाही विचार व्हावा. खाली छत आणि छोटी खोली असेल तर मागच्या रांगेतही आवाज १०० डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी जे मानक जाहीर केले त्यात १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असे म्हटले आहे, शिवाय श्रोत्यांना कानांतले बोळे मिळावेत आणि थोडा वेळ कान विसावतील अशी शांत जागा असावी, असेही. रोज आवाजात काम करणाऱ्यांसाठी अमेरिकेत जी शिफारस आहे ती अधिक कडक आहे: ८५ डेसिबलला आठ तास आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे. ध्वनिसंयोजक आणि वादक या दुसऱ्या गटात मोडतात, याचा विसर पडतो. धागाकर्त्यांनी बोळे घातले होते का?

शेवटची_रांग (धागाकर्ता)

@कानसेन, घातले होते. ॲम्प बंद पडल्यावर मी ते काढले, आणि गाणे पुन्हा सुरू झाल्यावर परत घालायचे विसरलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कानांत शीळ वाजत होती. ते चांगले नव्हे, हे जाणतो.

@मागची_भिंत, आपण तिथे होतात याचा किती आनंद झाला हे सांगणे कठीण आहे. पाच-सहा मिनिटे असतील तर तसे असो, मी शीर्षक बदलत नाही. ध्वनिसंयोजकाविषयी मला काहीच ठाऊक नव्हते. मी वर्षभर चार वादकांची गोष्ट मनात धरून होतो, ती पाच जणांची निघाली.

@शुश्रूषा, आपला प्रतिसाद मी त्या जागेच्या आयोजकांकडे पाठवला आहे.

मंद्रसप्तक

एक विचारायचे राहिले. त्या एका स्वरानंतर गिटारवादकाने तारा पुन्हा जुळवल्या का?

शेवटची_रांग (धागाकर्ता)

नाही. राहिलेली तिन्ही गाणी त्याने उतरलेल्या तारांवरच वाजवली. जिथे स्वर लांब धरायचा तिथे बोटाने तार ओढून तो वर आणत होता, आणि जिथे ते शक्य नव्हते तिथे वाजवतच नव्हता. त्यामुळे गिटार कमी आणि गाणे जास्त ऐकू आले.

शेवटची_रांग (धागाकर्ता), पंधरा दिवसांनी

काल त्याच खोलीत तोच बँड पुन्हा ऐकला. दार संपूर्ण वेळ उघडे होते, त्यावर आतून जाड पडदा सोडला होता. चाळीस मिनिटांनंतर मध्यांतर झाले आणि सगळ्यांना बाहेर जायला सांगितले गेले. पाण्याचे पिंप स्टेजच्या डाव्या बाजूला होते आणि ॲम्पच्या मागे जमिनीवर एक छोटा पंखा, पडद्यापासून हातभर दूर. भिंतीला हात लावून पाहिला, कोमट होती, पण कोरडी. तारा एकदाच उतरल्या.

सातव्या गाण्याआधी पुढच्या रांगेतून कोणीतरी ते दोन स्वर गुणगुणले, म्हणजे त्या रात्रीचे आणखी कोणी तिथे होते. बासवादकाने ते ऐकले. त्याने पहिला स्वर वाजवला, मोकळी जागा सोडली, दुसरा वाजवला, आणि ड्रमवादकाने खिट्टीकडे हातही न नेता पुढचे गाणे सुरू केले.